परतीची तयारी

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूत उभं राहून समोर पाहिलं की अरबी समुद्र आणि त्यापलीकडे अरबस्तान, एवढं शाळेतल्या नकाशाने आपल्याला शिकवलेलं असतं. डावीकडे वळून सरळ दक्षिणेला निघालं तर कुठे पोचू, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. भाट्ये साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे. ती रेघ धरून खाली उतरत गेलं तर लक्षद्वीपमधलं मिनिकॉय जवळून जातं, मग मालदीव, विषुववृत्त, चागोसची बेटं. त्यानंतर हजारो किलोमीटर नुसतं पाणी. त्या पाण्यात, रेघेच्या थोडं पूर्वेला, ३८ अंश दक्षिण अक्षांशाजवळ अ‍ॅमस्टरडॅम नावाचं चिमुकलं फ्रेंच बेट आहे. भाट्यापासून ते सहा हजार किलोमीटरांहून जरा लांब आहे. तिथे कायमची वस्ती नाही. एक संशोधन केंद्र, तिथे पाळीपाळीने राहणारी माणसं आणि त्यांच्यापुरती वैद्यकीय सोय, एवढंच.

सप्टेंबर २०१८ मध्ये भारतीय नौदलाच्या एका वैमानिकाला त्या बेटावर स्ट्रेचरवरून उतरवण्यात आलं. त्याच्या पाठीचे मणके मोडले होते. तो विमानातून पडला नव्हता. ३२ फुटी लाकडी होडी घेऊन, शिडाच्या बळावर, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत निघाला होता. त्याचं नाव कमांडर अभिलाष टॉमी.

साडेचार वर्षांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोन या बंदरात टॉमी त्याच शर्यतीची अंतिम रेषा ओलांडून आत आले. तोवर ते नौदलातून निवृत्त झाले होते. पाठीच्या कण्यात टायटॅनियमच्या सळ्या होत्या, घरी पत्नी आणि दोन लहान मुलगे होते. २३६ दिवस समुद्रावर काढून त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.

या दोन तारखांच्या मधल्या काळाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात ‘शौर्य’, ‘जिद्द’, ‘मृत्यूवर मात’ असे शब्द भरपूर होते. ते खोटे नाहीत. पण किनाऱ्यावरच्या माणसाला या गोष्टीत वेगळंच काही दिसतं. समुद्रावर जायला धाडस लागतं, हे कोकणाला कुणी सांगायला नको. इथे माणसाची पारख होते ती तो परत कसा येतो यावर. परत येण्याची तयारी निघण्याआधी करावी लागते, आणि टॉमींची कहाणी मुळात त्या तयारीची आहे.

विमानातून दिसणारा समुद्र

टॉमी मूळचे केरळचे. जन्म ५ फेब्रुवारी १९७९. वडील नौदलात होते, त्यामुळे बालपण नौदलाच्या वसाहतींत गेलं. २००० साली ते स्वतः नौदलात अधिकारी झाले आणि पुढे वैमानिक. त्यांचं विमान होतं डॉर्नियर, दोन पंख्यांचं सागरी टेहळणी विमान.

नौदलाचे वैमानिक म्हटले की विमानवाहू जहाजावरून झेपावणारी लढाऊ विमानं आठवतात. ती परंपरा मोठीच आहे. ११ मे १९५३ रोजी कोचीला ‘गरुड’ हा नौदलाचा पहिला हवाई तळ सुरू झाला, १९६१ मध्ये ‘विक्रांत’ आली, आणि गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांत ‘हंस’ हा तळ दाबोळीला आला. तेव्हापासून कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने नौदलाच्या विमानांचा आवाज ऐकला आहे. त्यात मराठी नावंही आहेत. ११ जानेवारी २०२० रोजी ‘तेजस’ या देशी बनावटीच्या विमानाची नौदल आवृत्ती पहिल्यांदा ‘विक्रमादित्य’च्या डेकवर उतरली, तेव्हा ती उतरवणारे चाचणी वैमानिक होते कोमोडोर जयदीप मावळणकर.

टेहळणीच्या वैमानिकाचं काम याहून शांत आणि कंटाळवाणं असतं. तासन् तास पाण्यावरून जायचं आणि पाहत राहायचं. वाऱ्याने लाटांच्या माथ्यांवर फेस उठला की वरून सगळा समुद्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. त्यातला एखादा ठिपका होडीचा असतो. तो ओळखायला नजर तयार व्हावी लागते. दुसरं शिक्षण हिशोबाचं. जमिनीवर उडणाऱ्याला अडचण आली तर कुठेतरी धावपट्टी सापडते. समुद्रावर उडणाऱ्याला इंधनाचा काटा बघत, वारा समोरून आहे की मागून ते धरून, कुठून मागे फिरायचं ते आधीच ठरवावं लागतं. ती वेळ आली की काम अर्धं राहिलं तरी फिरायचंच. तिसरं शिक्षण यादीचं. इंजिन बंद पडलं, आग लागली, वीज गेली, तर कोणत्या क्रमाने काय करायचं, हे घोकून इतकं पक्कं करायचं की मेंदू गोंधळला तरी हात चुकता कामा नये.

या तिन्ही गोष्टी पुढे पाण्याच्या पातळीवर, जेमतेम दहा मीटर लांबीच्या होडीत, टॉमींच्या कामी आल्या.

दिवाडी बेटावरचं घडणं

वैमानिक शिडाकडे वळला त्यामागे एक मराठी दर्यावर्दी होता. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा जन्म १९२७ चा. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्टा’ या जहाजाचे कप्तान म्हणून त्यांना वीरचक्र मिळालं. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाल्यावर ते साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहायला गेले, समुद्रापासून चांगले लांब. पण डोक्यात समुद्रच होता. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्याने जगाची फेरी मारावी, हा ध्यास त्यांनी नौदलाला लावला. त्यातून ‘सागर परिक्रमा’ उभी राहिली.

२००६ मध्ये या कामासाठी पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. ते नौदलातले पाणबुडे. अशा एकट्याच्या जगप्रदक्षिणेचा अनुभव तेव्हा देशात कुणाकडेच नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. होडी बांधायची जबाबदारी घेतली गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांनी. फायबरच्या लहान नौका बांधणाऱ्या त्यांच्या कारखान्यालाही हे काम नवीन होतं. डच आराखड्यावरून ५६ फुटी होडी तयार झाली. मांडवीचंच दुसरं नाव तिला मिळालं, ‘म्हादई’. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

दोंदेंच्या त्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करणाऱ्यांत टॉमी होते. पुढच्या बंदरात कोणता सुटा भाग लागणार, कोणता दोर झिजला, कोणतं यंत्र रुसलं, हे सगळं त्यांनी दुसऱ्याच्या प्रवासात शिकून घेतलं. मग त्यांची पाळी आली. १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघून, कुठल्याही बंदराला न लागता, कुणाची मदत न घेता, १५१ दिवसांनी ३१ मार्च २०१३ ला ते मुंबईत परतले. न थांबता प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांना कीर्तिचक्र मिळालं. सफरीच्या शेवटच्या टप्प्यात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं होतं. उरलेलं पाणी मोजून वापरत आणि पावसाचं पाणी धरत ते घरी आले.

या सगळ्या साखळीत पुढे येणाऱ्याने मागच्याकडून शिकायचं आणि आपली पाळी झाली की पुढच्याला शिकवायचं, असा रिवाज पडला. तो नीट पाहिला की एकट्याच्या सफरीत किती माणसं असतात ते कळतं.

सूर्य, घड्याळ आणि कोष्टकं

ज्या शर्यतीत टॉमी दोनदा उतरले, तिच्या मुळाशीही मुंबई आहे. १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले, एकच पूर्ण करू शकला. तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची होडी ‘सुहेली’. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, ती इंग्लंडमधल्या फॅल्मथला परतली. ही ‘सुहेली’ बांधली गेली होती मुंबईत, सागवानात, वाकस चालवणाऱ्या इथल्या सुतारांच्या हातून. जगप्रदक्षिणेच्या इतिहासात त्या सुतारांचा वाटा आहे, ही गोष्ट आपण फार कमी सांगतो.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, ही शर्यत जुन्याच नियमांनी पुन्हा भरवण्यात आली. जीपीएस नाही, संगणक नाही. होडी ३२ ते ३६ फुटांची आणि जुन्या आराखड्याची. दिशा आणि ठिकाण शोधायचं ते सूर्याची उंची मोजणारा सेक्स्टंट, घड्याळ, छापील कोष्टकं आणि कागदी नकाशे यांवर. टॉमींनी ‘सुहेली’चीच प्रतिकृती निवडली. ती पुन्हा दिवाडीला, दांडेकरांकडेच बांधली गेली, आणि तिचं नाव ठेवलं ‘थुरिया’.

सेक्स्टंटचा हिशोब ऐकायला अवघड वाटतो, पण भाट्याच्या वाळूत उभं राहून तो समजतो. मार्च आणि सप्टेंबरमधल्या ज्या दिवशी दिवस-रात्र समान असतात, त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी भर माध्यान्ही भाट्यातून सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजली तर ती साधारण ७३ अंश भरते. डोक्याच्या नेमक्या वर असता तर ९० भरली असती. ९० मधून ७३ गेले, उरले १७. म्हणजे आपण विषुववृत्ताच्या १७ अंश उत्तरेला आहोत, आणि रत्नागिरीचा अक्षांश तोच आहे. एका अंशाचे ६० सागरी मैल धरले तर विषुववृत्त इथून १,०२० सागरी मैल लांब, म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटर. इतर दिवशी सूर्य किती वर-खाली सरकला ते कोष्टकात बघून तेवढी दुरुस्ती करायची. रेखांशासाठी घड्याळ अचूक हवं, कारण चार मिनिटांची चूक म्हणजे पूर्ण एक अंशाची चूक.

हे सगळं स्थिर जमिनीवर. होडीत हे करताना पायाखालची फळी सतत हलत असते, क्षितिज लाटांआड जातं आणि दक्षिणेकडच्या समुद्रात तर सूर्य कित्येक दिवस ढगांतून बाहेरच येत नाही. मग कालचं ठिकाण, आजचा वेग, दिशा आणि वाहून गेल्याचा अंदाज यांवर पुढचं ठिकाण ठरवायचं. कागदावरच्या अशा बेरजा वैमानिकाला परक्या नसतात. पाण्यावर त्यांचा वेग तेवढा बदलतो.

२१ सप्टेंबर

१ जुलै २०१८ ला शर्यत सुरू झाली. अटलांटिक उतरून, आफ्रिकेचं टोक वळसा घालून होड्या हिंदी महासागराच्या दक्षिण भागात आल्या. ४० अंश दक्षिणेच्या आसपास पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही. वारा पश्चिमेकडून सुटतो आणि लाटा हजारो किलोमीटर वाढत येतात. २१ सप्टेंबरला तिथे वादळ होतं. वाऱ्याचा वेग ताशी १३० किलोमीटरांच्या घरात आणि लाटा चार-पाच मजली घराइतक्या. ‘थुरिया’ उलटी होऊन पुन्हा सरळ झाली. डोलकाठ्या मोडल्या. त्या उलथापालथीत टॉमी वर फेकले जाऊन खाली आदळले आणि पाठीचे मणके मोडले. ठिकाण ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैल.

त्यानंतरच्या तासांत त्यांनी जे केलं ते वैमानिकाला शोभणारं होतं. त्यांनी आयोजकांना मोजक्या शब्दांत निरोप धाडला: होडी उलटली, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर इजा आहे, उठता येत नाही. संकटाचा इशारा देणारं यंत्र सुरू केलं. मग आपल्या अरुंद खाटेवर पडून राहिले. डब्यातला थंड चहा घेतला तर तोही उलटून पडत होता. पुढच्या निरोपांतही माहितीच होती. शरीराची अवस्था काय आहे, हातापायांची हालचाल किती होते, जवळ काय पोचतं आणि काय पोचत नाही. वाचवायला येणाऱ्याला जे लागतं तेवढंच, आणि नेमकं तेवढंच.

शोध मोठा होता. ऑस्ट्रेलियाने समन्वय केला, फ्रान्सने ‘ओसिरिस’ हे मासेमारीवर देखरेख करणारं जहाज वळवलं, भारतीय नौदलाने ‘सातपुडा’ युद्धनौका धाडली. शर्यतीतला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन याचीही डोलकाठी त्याच वादळात मोडली होती. मिळेल त्या काठीला शीड बांधून तो टॉमींच्या दिशेने सरकायला लागला. आणि मॉरिशसहून नौदलाचं पी-८आय हे लांब पल्ल्याचं टेहळणी विमान निघालं. फेसाळलेल्या समुद्रातून ३२ फुटी होडी शोधायची होती, जे काम टॉमी स्वतः वर्षानुवर्षं करत आले होते. विमानातल्या नजरेला ‘थुरिया’ सापडली. डोलकाठी बाजूला लोंबत होती, डेकवर कुणी नव्हतं. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा टॉमींनी पडल्यापडल्या इशाऱ्याच्या यंत्रातून खूण दिली. आत माणूस जिवंत आहे आणि शुद्धीवर आहे, हे वरच्यांना कळलं.

२४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’च्या लोकांनी रबरी होडी ‘थुरिया’ला भिडवून त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढलं. तिथून अ‍ॅमस्टरडॅम बेट, मग ‘सातपुडा’वरून विशाखापट्टणम, आणि पुढे दिल्लीत शस्त्रक्रिया. कण्यात टायटॅनियम बसवलं गेलं, पाच मणके एकमेकांना जखडले गेले. चालणं नव्याने शिकावं लागलं. ‘थुरिया’ मात्र समुद्रातच राहिली. ‘सागर परिक्रमे’चं बीज ज्यांनी पेरलं ते आवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. आपल्या हाताखालून गेलेला दर्यावर्दी परत आला, हे पाहूनच ते गेले.

घरचा हिशोब

रत्नागिरी जिल्ह्यात ‘बोटीवर असणं’ हा घरोघरचा अनुभव आहे. दापोली-हर्णैपासून राजापूरपर्यंत कित्येक घरांतला कुणी ना कुणी व्यापारी जहाजावर खलाशी आहे, इंजिनाच्या खोलीत आहे, भटारखान्यात आहे. सहा-नऊ महिन्यांचा करार. या काळात घरात एक बारसं होतं, एक बारावी होते, कधी एखादं माणूस जातं. मागे राहिलेली बाई बँक, शाळा, कलमांची फवारणी, सासऱ्यांची औषधं आणि गणपती, सगळं एकटी उचलते. पूर्वी पत्र यायला महिने लागत, आता व्हॉट्सअ‍ॅपवर रोज चेहरा दिसतो. तरी दक्षिण चीनच्या समुद्रात वादळ असल्याची बातमी आली की घर गप्प होतं.

म्हणून टॉमींच्या कहाणीतला सर्वांत अवघड प्रश्न कोकणी माणसाला लगेच दिसतो. कण्यात सळ्या आहेत, मुलं लहान आहेत, आणि हा गडी पुन्हा तीच शर्यत करायला निघतो. याला घराची ओढ म्हणायची का? आपली आजी तर सरळ म्हणाली असती, ‘आता बस की रे!’

प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. बोटीवरचा खलाशी पोटासाठी जातो. टॉमींना पोटासाठी जायचं नव्हतं. त्यांनी २०२१ मध्ये नौदल सोडलं, तेव्हा गोव्यात राहून, मुलांना शाळेत सोडून, व्याख्यानं देत सुखाने दिवस काढता आले असते. त्याऐवजी त्यांनी पुरस्कर्ते शोधले, होडी मिळवली आणि पुन्हा तयारीला लागले. पण ही तयारी घराच्या पाठीवर पाय देऊन झाली असती तर ती झालीच नसती. शर्यतीचा नियम असा की उपग्रह फोनवर घरच्यांशी गप्पा मारता येत नाहीत. आयोजकांशी ठरलेल्या वेळी सुरक्षेपुरतं बोलायचं. घरच्यांना दिसतो तो नकाशावरचा एक ठिपका. तो सरकत असला की ठीक. २०१८ मध्ये एकदा तो ठिपका थांबलेला त्या घराने पाहिला होता. तसा तो पुन्हा थांबू शकतो हे माहीत असताना ज्या घराने पुन्हा हो म्हटलं, त्या घराचं धाडस शर्यतीच्या कुठल्याच तक्त्यात मोजलं जात नाही. आपल्याकडच्या बोटीवाल्यांच्या घरांचंही मोजलं जात नाही.

कुटुंबावरची निष्ठा म्हणजे रोज संध्याकाळी घरी असणं, असं मानलं तर आपल्या किनाऱ्यावरचे निम्मे बाप नापास होतील. जो जाताना परतीचा विचार पूर्ण करून जातो, तो घराला सोबत घेऊनच गेलेला असतो. टॉमींनी दुसऱ्यांदा तेच केलं.

दुसरी शर्यत

यावेळी होडी होती ‘बयानत’, रस्टलर ३६ जातीची. शर्यतीच्या तोंडावरच एका मालवाहू जहाजाची तिला धडक बसली. मग दुरुस्ती. ४ सप्टेंबर २०२२ ला ती निघाली. सोळा जण निघाले होते. महिने सरतील तसे एकेक गळत गेले. कुणाची डोलकाठी गेली, कुणाचं सुकाणू. फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची होडी तर नोव्हेंबरमध्ये हिंदी महासागरात बुडाली. त्यांना पाण्यातून उचलायला रात्रभर शीड हाकारत गेली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, आणि पुढे शर्यतही तिनेच जिंकली.

टॉमींच्या वाट्याला मोठं वादळी नाट्य कमी आलं, दुरुस्त्या मात्र रोजच्या. एकट्या माणसाला चोवीस तास सुकाणू धरता येत नाही. वाऱ्याच्या दिशेवर आपोआप सुकाणू वळवणारं एक यांत्रिक पातं होडीच्या मागे असतं, आणि ते एकट्या दर्यावर्द्याचा दुसरा खलाशीच. ‘बयानत’वरचं हे पातं वारंवार मोडत होतं. जवळचे सुटे भाग संपले तेव्हा टॉमींनी संडासाचं दार कापून त्याची पाती केली. शिडं फाटली ती हाताने शिवली. कण्यातले जखडलेले मणके घेऊन, वाकता येईल तितकं वाकून. १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न ओलांडलं. २०१८ मध्ये ते तिथवर पोचलेच नव्हते. पुढे अटलांटिकमध्ये पडलेल्या वाऱ्याशी झगडत उत्तरेला वर, आणि २९ एप्रिलला बंदरात. नॉयशेफर दोन दिवस आधी पोचली होती, ऑस्ट्रियाचा मिखाएल गुगेनबर्गर नंतर आला. मुख्य गटात प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते तिघेच.

खेळ म्हणून पाहिलं तर यात प्रेक्षक नाहीत, गोल नाही, चौकार नाही. २३६ दिवसांत एखादा क्षणही दाखवण्यासारखा नसतो. पण खेळाने माणसात जे उतरावं असं आपण म्हणतो, ते सगळं यात आहे. हरलेल्या ठिकाणी परत जाणं आहे, आणि शर्यत बाजूला ठेवून प्रतिस्पर्ध्याला वाचवायला जाणंही आहे.

टॉमींनी पुढे शिकवण्याचं कामही घेतलं. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला ‘तारिणी’ या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. त्यांचे मार्गदर्शक टॉमी होते, आणि ‘तारिणी’ही दिवाडीचीच. आवटींपासून सुरू झालेली साखळी अशी पुढे गेली आहे.

काजळीच्या मुखाशी

आता भाट्याकडे येऊ. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. उत्तरेला राजिवड्याची मच्छीमार वस्ती आणि मांडवी, दक्षिणेला भाट्याची लांबलचक वाळू, सुरूचं बन, झरी विनायक, नारळ संशोधन केंद्राच्या बागा. पुलावरून रोज शेकडो मुलं एसटीने, स्कूटरने शाळा-कॉलेजात जातात. खाडीत वल्ह्यांच्या होड्या आहेत, इंजिनाचे ट्रॉलर आहेत. या पाण्यात शीड उभारून खेळणारी मुलं मात्र क्वचितच दिसतात.

कारणं आहेत, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. समुद्राने इथे माणसं नेली आहेत. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो आणि नौका अडतात, ही मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. सुट्टीत पाण्यात उतरलेले पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून आईबापांनी मुलांना एकच धडा दिला, पाण्यापासून लांब राहा. मच्छीमाराच्या मुलाला समुद्र नोकरी म्हणून मिळतो, इतरांना फोटोची पार्श्वभूमी म्हणून. खेळ म्हणून तो कुणालाच मिळत नाही.

दुसरीकडे काय चाललं आहे पाहा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत मुलींच्या गटात भारताला रौप्य मिळवून दिलं नेहा ठाकूरने. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली. शिकली भोपाळच्या तलावावरच्या सेलिंग शाळेत. हैदराबादच्या हुसेन सागरात वस्त्यांमधली मुलं शिडं सांभाळायला शिकतात आणि राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. ज्या राज्यांना समुद्र नाही किंवा ज्या शहरांपासून तो शेकडो मैल लांब आहे, तिथे हे होतं. १९८२ च्या आशियाई स्पर्धांमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या बंदरात झाल्या होत्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने तिथे सुवर्ण मिळवलं होतं. सातशेहून अधिक किलोमीटर किनारा असलेल्या महाराष्ट्राने त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत हा खेळ किती रुजवला?

रत्नागिरीला हे अशक्य नाही. एनसीसीच्या नौदल शाखेचं युनिट इथे आहे. त्याचे छात्र शिडाच्या होड्या हाकायला शिकतात, किनाऱ्याने मोहिमा करतात. विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. जिल्ह्यात नौदलातून आणि व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेली माणसं गावोगाव आहेत. वाऱ्याचं वेळापत्रक तर निसर्गाने शिकाऊ मुलांसाठीच आखल्यासारखं आहे. पावसाळा सरला की सकाळी मतलई वारा हलका, दुपारनंतर खारा वारा चढता. सकाळी शिकावं, दुपारी परीक्षा द्यावी. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी ऑप्टिमिस्ट होडी पावणेआठ फुटांचीच असते. तिला लागतं शांत पाणी, प्रत्येक अंगावर जीवरक्षक जाकीट, सोबत एक इंजिनाची बचाव होडी आणि जागरूक शिक्षक. खाडीचा आतला, मुखापासून लांबचा भाग त्यासाठी तपासून पाहता येईल. कुठवर जायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे राजिवड्याच्या आणि भाट्याच्या मच्छीमारांइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही. त्यांना बाहेर ठेवून हे काम होणारही नाही, आणि होऊही नये.

शिडाची होडी मुलाला पहिल्याच आठवड्यात जे शिकवते ते आपल्या शाळा दहा वर्षांत शिकवत नाहीत. निघण्याआधी आभाळ बघ. दोर तपास. जाताना वारा पाठीवर असेल तर येताना तो तोंडावर असेल, म्हणून ताकद राखून ठेव. वारा वाढला तर शीड कमी कर, त्यात कमीपणा नाही. होडी उलटली तर तिला सोडू नकोस, धरून राहा आणि खूण कर. हिंदी महासागरात मोडलेल्या पाठीने टॉमींनी जे केलं, ते या प्राथमिक धड्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं.

म्हणून या दिवाळीत रत्नागिरीच्या नगर परिषदेला, शाळांच्या संस्थांना, मच्छीमार सोसायट्यांना आणि गावोगावच्या निवृत्त नौसैनिकांना एक सांगणं आहे. आणखी एका सत्कारासाठी शाल-श्रीफळ आणू नका. त्या पैशांतून चार लहान होड्या आणि चाळीस जाकिटं घ्या, मार्गदर्शनाला टॉमी-दोंदेंसारख्यांना बोलवा, आणि येत्या हिवाळ्यात काजळीच्या पाण्यात पहिला वर्ग भरवा. आईबापांनो, मुलांना त्या वर्गात पाठवा. समुद्राला भिणारी पिढी आपण वाढवली आहे. समुद्रावरून नीट परत येणारी पिढी वाढवायची असेल, तर तिला आधी नीट निघायला शिकवावं लागेल.